मथळ्यामागची खूण

कमल, तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी तुझा कॉम्प्युटर उघडला. रडायला नव्हे, पुरावा शोधायला.

तुझी प्रज्ञा घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होती. मला सगळे 'कमलची जिवाची मैत्रीण' म्हणून पुढे बसवत होते. मी डोकं दुखतंय असं सांगून उठले, रिक्षा केली, विद्यापीठ रस्त्यावरचं आपलं दुकान उघडलं आणि शटर अर्धं खाली ओढून तुझ्या खुर्चीत बसले. तुझा चष्मा की-बोर्डवर उलटा पडलेला होता. तो बाजूला ठेवला. तुझ्या मशीनला पासवर्ड असणार, तो शोधण्यात दुपार जाणार, अशा तयारीनं मी डबासुद्धा नेला होता. बटण दाबलं आणि मशीन सरळ सुरू झालं. पासवर्ड नव्हताच. तेव्हा मनात आलं, ही बाई भलतीच पोचलेली होती. दार उघडं टाकलं की कुणी आत बघत नाही, हे हिला ठाऊक होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायच्या पुस्तिकेसाठी प्रज्ञानं माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "मावशी, आईबद्दल तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं कुणाला माहितीय?" आता मला जे माहिती होतं ते पुस्तिकेत छापण्यासारखं नव्हतं. आठ वर्षं मी तुला चोर समजत होते. रोज तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होते आणि चोर समजत होते. 'मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख' असं दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. तूच हसली असतीस. म्हणून जे आहे ते लिहिते. प्रज्ञाला नको असेल तेवढं तिनं कापावं.

माझा स्वभाव तुला काही नवा नाही. टायपिंग क्लासात आपण पहिल्यांदा शेजारी बसलो, तू सोयगावहून आलेली, मी गंगापूरहून. मिनिटाला चाळीस शब्दांच्या मराठी परीक्षेला माझ्या मशीनची रिबन अडकली. तू स्वतःचं टायपिंग थांबवून हात लांब केलास आणि ती मोकळी करून दिलीस. सर ओरडले, तुझ्या दोन ओळी राहिल्या. मला काय वाटलं असेल? हिला माझ्या पेपरात डोकवायचं असणार. टायपिंगच्या परीक्षेत सगळ्यांना एकच उतारा असतो, डोकावून काय मिळणार, हे मला घरी गेल्यावर सुचलं. तुला मी ते पुढे कधीतरी सांगितलं, तेव्हा तू टेबलावर डोकं टेकून हसलीस. "शके, तू तं सावलीला पण आधार कार्ड मागशील," म्हणालीस. त्यानंतर आपण दुकान काढलं. बावीस वर्षं. तीन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि समोरच्या बोळात बाइंडिंगवाले सलीमभाई. सकाळी शटर उघडताना तू त्यांना जयभीम घालायचीस, ते सलाम म्हणायचे, आणि मी कुलपावर रात्रीत कुणी ओरखडा तर काढला नाही ना, ते पाहत असायचे.

ज्यांनी कधी प्रबंध टाइप केला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट इथे सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच आहे. प्रबंधाला पुढे अनुक्रमणिका लागते. ती हातानं टाइप केली की मेलोच. गाईड कुठेतरी एक परिच्छेद वाढवायला सांगतात आणि पुढचे सगळे पानांचे आकडे सरकतात. म्हणून प्रत्येक मथळ्याला लागून एक छुपी खूण घालायची. कंसातली खूण, आत मथळ्याचं नाव. ती पडद्यावर दिसत नाही, कागदावर उमटत नाही. वर पट्टीतलं उलट्या 'पी'सारखं बटण दाबलं तरच सगळं लपलेलं वर येतं. मशीनला अनुक्रमणिका ताजी करायला सांगितली की ते पानावरचे मथळे बघतच नाही, खुणा गोळा करतं. खुणेत जे नाव असेल ते अनुक्रमणिकेत.

हे तू मला शिकवलंस, आणि मी शिकले त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही.

"खूण आधी, मथळा मागनं," तू म्हणायचीस. "घरात शिरायच्या आधी चपला काढतो का नंतर?"

"आधी घातली की पोरं ओळीच्या सुरवातीला जाऊन बॅकस्पेस मारत्यात अन् खूण खाऊन टाकत्यात. दिसत तं नाय."

"अन् तू मागं घालतीस तव्हा? मथळ्याला दोन शब्द जोडाया गेलं की तेबी खुणेत जाऊन लपत्यात. परवा त्या सरांचं अर्धं प्रकरण कुठं गेलं म्हणून शोधत व्हतो ना दोघी?"

दोघी बरोबर होतो आणि दोघी हट्टी. शेवटी ठरलं, तुझ्या प्रबंधात तुझी पद्धत, माझ्या प्रबंधात माझी. एकीची फाइल दुसरीनं उघडायची नाही. बावीस वर्षांत दुकानातून जे काही काळ्या बाइंडिंगात बाहेर पडलं, ते कुणी टाइप केलं हे सांगायला आपलं नाव लागत नव्हतं. बटण दाबलं की कळायचं. खूण आधी, तर कमल. खूण मागे, तर शकुंतला. आणि बाहेरून आलेली फाइलसुद्धा तू खुणा पुढे घेतल्याशिवाय हातातून सोडायची नाहीस.

आता वैशालीचं. ती माझ्या माहेरकडची, म्हणून माझ्याकडे आली. गंगापूर तालुक्यातल्या शेतांची नावं हा तिचा विषय. मी आधी नाक मुरडलं होतं, शेतांच्या नावांवर कसली पीएचडी? मग टाइप करता करता गुंतले. सवतीचं वावर, भांडणपट्टी, म्हातारीची चिंच, उपाशी मळा. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावोगाव गेली होती पोरगी, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत. काही शेतं धरणाच्या पाण्यात गेली, त्यांची नावं ज्यांच्या तोंडी होती ती माणसंही आता जाताहेत. तिसरं प्रकरण त्या बुडालेल्या शेतांचं. चार महिने ती माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून होती. ते प्रकरण टाइप करताना मी एकदा रडलेही होते. तुला म्हणाले, प्रिंटरची पूड डोळ्यांत गेली.

वैशालीचा प्रबंध अजून गाईडकडे तपासायला होता, आणि एक दिवस एक गुरुजी आले. शाळेत नोकरी, चाळिशी उलटलेली, पीएचडी झाली की कॉलेजात जाता येईल या आशेवर. "मॅडम, टायपिंग घरी केलंय. फक्त अनुक्रमणिका ताजी करून प्रिंट द्या." तू बँकेत गेली होतीस. मी नेहमीप्रमाणे फाइल आपल्या दोघींच्या 'आलेलं काम' फोल्डरमध्ये उतरवली, माझ्या मशीनवर प्रत घेऊन उघडली, अनुक्रमणिका ताजी केली आणि एक पान पाठकोऱ्या कागदावर काढून बघितलं. चौथ्या प्रकरणाखाली चार ओळी होत्या. बुडालेल्या शेतांची नावे. नाव उरले, बांध गेला. दोन ओळी आणखी. ही वैशालीची मथळ्यांची भाषा, माझ्या बोटांना पाठ. मी ते पान उघडलं. पानावर मथळा होता, 'भूनामांचे सामाजिक संदर्भ'. खाली मजकूर वैशालीचा. म्हातारीच्या चिंचेसकट.

पानावर गुरुजींचे मथळे, अनुक्रमणिकेत वैशालीचे. त्यांनी दिसणारं सगळं बदललं होतं. न दिसणारं जसंच्या तसं आलं होतं.

गुरुजी समोर बसून पाणी पीत होते. मी ते बटण दाबायला हवं होतं, कमल. खुणा उघडून बघायला हव्या होत्या. आयुष्यभर दुधात पाणी आहे का, रिक्षाचं मीटर पळतंय का, हे बघणारी मी, मी ते एक बटण दाबलं नाही. कारण मला उत्तर आधीच मिळालं होतं. वैशालीची फाइल फक्त माझ्या मशीनवर होती, तिला आणि गाईडला मी कागदच दिले होते, आणि माझ्या मशीनला हात लागत होता फक्त तुझा. मी दिली नव्हती. मग उरलं कोण? प्रिंटर बिघडलाय, दुसरीकडे जा, असं गुरुजींना सांगून मी त्यांना वाटेला लावलं. माझी प्रत पुसली. दुकानाचं नाव, वैशालीचं काम आणि तुझं तोंड, तिन्ही डोळ्यांपुढे फिरत होतं. तू बँकेतून आलीस, "गर्दी लई व्हती," म्हणालीस. मला वाटलं, बघा, किती सहज बोलते.

पण 'आलेलं काम'मधली फाइल तशीच राहिली, आणि तो पाठकोरा कागदही मी टोपलीत टाकून विसरले.

आठवडाभरानं सलीमभाई बाइंडिंगचे गठ्ठे घ्यायला आले तेव्हा सहज बोलून गेले, "कमलबाई कल उस गंगापूरवाली बच्ची के सामने हात जोडके खडे थे, मैं देखा ना. रो रही थी बच्ची. क्या हुआ जी?" मी म्हटलं, काही नाही, घरचं असेल. त्यानंतर कानावर आलं की वैशालीनं आपला प्रबंध घेऊन गाईडकडे धाव घेतली, गुरुजींना ते प्रकरण काढून टाकावं लागलं. वैशालीचं नुकसान टळलं. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, आणि तुझ्यावरचा संशय पक्का झाला. उगाच कुणी हात जोडतं का? चोरी केली, मग मन खायला लागलं म्हणून जाऊन माफी मागितली. माझा हिशेब सरळ होता. मला एकच गोष्ट लागली. तू तिच्याकडे गेलीस, माझ्याकडे आली नाहीस.

मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग मला दुकान सोडावं लागलं असतं. दुकान सोडून मी जाणार होते कुठे? घरी भिंतींवर संशय घेत बसायला? म्हणून मी तुझ्यावर पाळत ठेवली, हे त्यातल्या त्यात सोपं होतं. मशीनला पासवर्ड घातला. पेन ड्राइव्ह पर्समध्ये घालून घरी न्यायला लागले. तू चहा सांगायला बाहेर गेलीस तरी मी पडदा झाकायचे.

"पासवर्ड कशापायी गं?" तू विचारलंस.

"व्हायरस येत्यात."

"व्हायरस म्हंजी मी का?"

मी प्रिंटरचा कागद नीट करत राहिले. तू चटणीचा डबा उघडून माझ्याकडे सरकवलास. तो प्रश्न तसाच टेबलावर राहिला आणि आठ वर्षं आपण त्याच टेबलावर जेवलो.

चांगले दिवस आलेच नाहीत असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. शहराचं नाव बदललं तेव्हा आपण किती हसलो होतो. सगळ्यांना मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत नवं नाव हवं होतं. नवं नाव जुन्याच्या दुप्पट लांब, ओळी फुटल्या, पानं सरकली, रांग लागली दुकानात. बदल करा म्हटलं की मशीन पानावरचं सगळं बदलायचं, पण छुप्या खुणांच्या आतलं तसंच राहायचं. एका बाईंचा प्रबंध छापून आला तर पानावर छत्रपती संभाजीनगर आणि अनुक्रमणिकेत औरंगाबाद. त्या घाबरल्या. तू म्हणालीस, "अवं मॅडम, माणसाचं बी असंच असतंय, तोंडात येक अन् आत येक." बाई हसल्या. मी तुझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, ही स्वतःबद्दल बोलतेय. आता वाटतं, तू माझ्याबद्दल बोलत असशील. किंवा फक्त प्रबंधाबद्दल. बघ, अजून सुटलेली नाही ती सवय.

आणि दवाखाना. तुझ्या हाताला सलाइन, मी शेजारी बसून बाटलीवरची तारीख वाचत होते. तू माझा पदर ओढलास. "शके, येक सांगायचं राह्यलंय."

मी काय केलं? "आधी बरी हो, मग सांग," म्हटलं आणि नर्सला बोलवायच्या निमित्तानं उठून गेले. मला वाटलं, आली कबुली. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि मी पळाले. तू चोर आहेस हे मला माहीत असणं वेगळं आणि तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं. परत आले तेव्हा तुला झोप लागली होती. त्यानंतर तू बोलली नाहीस. ते काय होतं, हे आता मला कधी कळणार नाही. कदाचित प्रिंटरची शाई मागवायची राहिली होती, एवढंच असेल.

तर चौथ्या दिवशी मी तुझ्या खुर्चीत होते. तुझ्या मशीनवर सगळं कसं नीट लावलेलं. एक फोल्डर होता, नाव 'शकू'. म्हटलं, सापडली. आत एकच फाइल होती. गुरुजींची. 'आलेलं काम'मधून जशी आली तशी उचललेली, तारीख त्याच दिवसाची. म्हणजे तो पाठकोरा कागद तुला टोपलीत मिळाला होता.

मी चौथं प्रकरण उघडलं आणि जे बटण आठ वर्षांपूर्वी दाबायला हवं होतं ते दाबलं.

चार मथळे, चार खुणा. चारही मथळ्याच्या मागे. तुझ्या हातून गेली असती तर पुढे असत्या.

मी पुन्हा पाहिलं. मागेच. माझं पहिलं म्हणणं काय असावं? तूच त्या मागे सरकवल्यास, मला अडकवायला! खरंच, कमल, पाच मिनिटं मी तसं धरून चालले होते. तू आता नाहीस, घरी तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली, आणि मी इथे तुझ्यावर दुसरा आरोप ठेवत होते. पण फाइलला नंतर कुणी हात लावलेला नव्हता. आणि प्रकरणाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. शेवटचा परिच्छेद टिंबांच्या रेषेवर उभा होता. टिंबांची रेष म्हणजे मजकूर लपवलेला आहे. बाकी सगळा गुरुजींनी उघडा करून घेतला होता, एवढा एक त्यांच्या नजरेतून सुटला होता. मजकूर पुसायच्या ऐवजी लपवून ठेवायची खोड या विद्यापीठ रस्त्यावर एकाच बाईला आहे.

मग आठवलं. गुरुजी त्याआधीही एकदा आले होते. "मॅडम, मथळे कसे मांडायचे, त्याचा एखादा नमुना द्या ना." असे नमुने मी सगळ्यांना द्यायचे. समोर वैशालीचं तिसरं प्रकरण उघडंच होतं. मजकूर पुसायला गेले तर चुकून खुणा खाल्ल्या जातील, ही माझी जन्माची भीती. म्हणून सगळे परिच्छेद निवडले आणि लपवून टाकले. पानावर नुसते मथळे उरले, स्वच्छ. मी खूश होऊन फाइल त्यांच्या पेन ड्राइव्हवर टाकली. आणि खुणा कशा बघायच्या, त्यासाठी ते बटण दाबायला मीच शिकवलं, कमल. बोट धरून शिकवलं. खुणेच्या आतलं नावही बदलावं लागतं, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

घरी जाऊन माझा पेन ड्राइव्ह लावला, जो मी आठ वर्षं तुझ्यापासून जपला. 'नमुना' नावाची फाइल होती. एक पान. बटण दाबलं आणि एका पानाची बेचाळीस झाली. उपाशी मळा, भांडणपट्टी, सवतीचं वावर, सगळी बुडालेली शेतं टिंबांच्या रेषेवर उभी. मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि खाली बसले. जवळच्या बाकीच्या नमुन्यांच्या फाइली आता एकेक करून उघडते आहे. अजून तरी दुसऱ्या कुणाचा मजकूर निघालेला नाही, पण निम्म्या बाकी आहेत.

तुला त्याच दिवशी कळलं होतं. खुणा मागे बघितल्यास, टिंबं बघितलीस, आणि माझी चूक तुझ्या लक्षात आली. मला सांगायच्या ऐवजी तू वैशालीपुढे जाऊन हात जोडलेस. कुणी सांगितलं होतं गं तुला? तुझा मोठेपणा मी मागितला होता का? मला राग आलाय तुझा, खरंच आलाय. आठ वर्षं तू मला चुकीच्या माणसावर संशय घेऊ दिलास. एकदा नुसतं म्हणायचंस, 'शके, तुझ्या खुणा बघ.' पाच शब्दही लागले नसते. मी रडले असते, भांडले असते, चार दिवस आले नसते.

परवा वैशालीकडे गेले. ती आता कॉलेजात शिकवते, तासाला निघायच्या घाईत होती. मी दारातच सांगून टाकलं, नमुना, लपवलेला मजकूर, ते बटण, सगळं. म्हटलं, कमलनं जी माफी मागितली ती माझी होती. वैशालीनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि माझा संशय लगेच जागा झाला.

"मावशी, माझी फाइल कमलमावशींनी कधी उघडलीच नव्हती," ती म्हणाली. "चार महिने मी तुमच्या टेबलाशी बसले. एकमेकींचं काम उघडायचं नाही, हे तुमचं मला ठाऊक होतं. त्या म्हणल्या, चूक माझ्याकडून झाली. मला तेव्हाच कळलं कुणाकडून झाली ते."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणल्या, शकूला हे कळलं तं ती दुकानात पाय ठिवायची नाय, लाजंनं घरात बसून मरंल. मी म्हटलं, पण मावशी, त्या तुमच्यावर संशय घेतील. तर हसल्या." वैशालीनं पुस्तकं पुन्हा उचलली. "म्हणल्या, घेऊ दे की. संशय घ्यायला का व्हईना, रोज येती ना."

येताना सलीमभाईंना सांगितलं. ते खळीचा ब्रश डब्यात ठेवून माझ्याबरोबर आपल्या दुकानापर्यंत आले.

हा लेख मी तुझ्या मशीनवर टाइप केलाय. पुस्तिकेला अनुक्रमणिका आहे, म्हणून मथळ्याला खूण घालायची होती. ती मथळ्याच्या आधी घातली आहे. प्रज्ञाला बजावून ठेवलंय, ओळीच्या सुरवातीला बॅकस्पेस मारू नको म्हणून, कारण तुझी पद्धत चुकीचीच आहे, हे मी अजून मानते. माझ्या मशीनचा पासवर्ड काढून टाकला. गिऱ्हाईक अजून नाही, बोळात ऊन आहे, तुझा चष्मा समोर आहे. मी रोज दहाला येऊन शटर उघडते, कमल. संशय घ्यायला आता कुणी नाही, तरी येते.